‘कोणाकडून’चा रकाना

मास्तर चहात ओवा टाकून पीत आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करीत. सदऱ्याच्या खिशात पितळेची एक चपटी डबी असे. लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर, तहसीलच्या कँटीनमध्ये, कुठंही समोर चहा आला की डबी निघायची, चिमूटभर ओवा कपात पडायचा आणि मग डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा, ते तो चहा संपवायचे. तळापर्यंत. लोक हसत. “मास्तर, आवडत नाई तं पेता काहून?” असं कुणी विचारलं की म्हणत, “सवय आहे.” न आवडणाऱ्या गोष्टीची सवय माणसाला कशी लागते हे मला ठाऊक होतं, कारण ती माझ्यामुळे लागली होती. पण ते सांगायचं तर आधी मास्तर सांगायला हवेत.

ते शाळेतले मास्तर नव्हते, पोस्टमास्तर होते. अनसिंगहून निवृत्त झाले आणि आमच्या तालुक्याच्या गावी मुलाकडं राहायला आले. दुसऱ्याच आठवड्यात वाचनालयाच्या मागच्या खोलीत येऊन बसले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. त्या खोलीत जुन्या कागदांची काही गाठोडी पडून होती. पत्रं, करारनामे, लग्नपत्रिका, कुणाच्या तरी शाळेच्या वह्या. लोकांनी वाळवीच्या भीतीनं आणून टाकलेली आणि नंतर कुणीच न पाहिलेली. मास्तरांनी ती झटकली, त्यांना नंबर दिले आणि खोलीच्या दाराला पोस्टात असते तशी जाळीची खिडकी करून घेतली. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन तिथं नोकरीला लागले तेव्हा खिडकीच्या आत मास्तर होते आणि बाहेर मी. त्यांनी पदवीची चौकशी केली नाही. “पोरी, गाठ मारता येते?” एवढंच विचारलं. मी सुतळीची गाठ मारून दाखवली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा मारायला लावली.

पोस्ट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. नवीन गाठोडं आलं की आधी वजन व्हायचं. कागदाचं वजन कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “कोनं पान काढलं तं काट्यावर समजते.” मग तारखेचा शिक्का, तोही असा ठोकून की पुढच्या खोलीत पेपर वाचणारे दचकत. एक वाजला की खिडकीची फळी खाली, दोन वाजता वर. बाहेर रांग सोडा, माणूसही नसे. एकदा वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः एक वाजून पाच मिनिटांनी आले. फळी उघडली नाही. आतून डबा खाल्ल्याचा आवाज येत राहिला आणि अध्यक्ष दोन वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले.

कागद पाहायला येणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. वही होती, पण तिच्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. “सही करा. कोनाचीबी करा,” असं म्हणून वही पुढं सरकवत. शेळ्या बाहेर लिंबाखाली सोडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या गावाचा जुना नकाशा मागितला, तेव्हा मास्तरांनी तो अमरावतीहून येणाऱ्या प्राध्यापकांना देत तसाच दोन हातांनी दिला. म्हातारा नकाशा उलटा धरून तासभर पाहत होता. मास्तर त्याला ‘सरळ धर’ म्हणाले नाहीत.

तर कागद सगळ्यांना खुला. पण तो कोणाच्या घरून आला, हे मात्र कोणालाच सांगायचं नाही. याबाबतीत ते दगड होते. “पोस्टात आमी पत्ता वाचत होतो अन् मजकूर झाकत होतो,” ते म्हणत. “अथी उलटं पोस्ट आहे. मजकूर उघडा, पत्ता झाकेल.”

“पण काहून?” मी एकदा विचारलं.

ते सुतळी गुंडाळत होते. “अनसिंगले असताना एकदा मोठ्यानं पत्ता वाचला म्या. एका बाईचं पत्र आलं होतं. तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, भासरा तिचा, बाजूलेच उभा होता.”

“मंग?”

“मंग तिले पुन्हा पत्र आलं नाई.”

सुतळीचा गुंडा त्यांनी फळीवर ठेवला आणि पुढचं गाठोडं ओढलं.

आपल्याकडं देणाऱ्याला नाव झाकलेलं कुठं आवडतं? शेलूबाजारचा एक व्यापारी आजोबांची सगळी मानपत्रं चौकटींसकट जीपमध्ये घालून घेऊन आला. आपलं नाव पाटीवर यावं, अशी त्याची साधी इच्छा होती. मास्तर म्हणाले, “नाव पायजे असन तं पंखा द्या.” ही थट्टा नव्हती. आमच्या वाचनालयात पंखा देणाऱ्याचं नाव पात्यांवर रंगवतात. तीन पाती, तीन शब्द. पंखा फिरत असला की काही वाचता येत नाही; लाईट गेली की वाचकांना वर पाहण्याखेरीज उद्योग नसतो, तेव्हा नावं पाठ होतात. व्यापाऱ्यानं पंखा दिला. मानपत्रं मात्र मास्तरांनी त्याला परत न्यायला लावली आणि चार दिवसांनी स्वतः शेलूबाजारला जाऊन घेऊन आले. खिडकीवर आणून दिलेला कागद ते घेतच नसत. मानपत्रांवर आजोबांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात असताना यात लपवण्यासारखं काय आहे, असं मी म्हटलं. मास्तर मानपत्रं काट्यावर ठेवू लागले.

त्यांची कागद आणायची पद्धत अशी. एखाद्या घरी कागद आहेत, असा निरोप कुणाकडून तरी यायचा. मास्तर छत्री आणि कापडी पिशवी घेऊन एसटीनं त्या गावी जायचे. पण खेड्यात परका माणूस कोणाच्या दारात शिरला हे गल्लीला अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणून मास्तर गल्लीतल्या एकूण एक घरी जात. वालाचं बी आहे का, दोडक्याचं आहे का, काशीफळाचं आहे का, असं विचारत बसत, चहा घेत, बी घेत आणि पुढच्या घरी जात. त्यातल्या एका घरी बियांच्या पुडीखाली कागदही पिशवीत येत. गावोगावी त्यांना ‘बियाचा म्हातारा’ म्हणत. त्या बियांचं काय करायचं म्हणून वाचनालयाच्या मागं पेरली, तर तिथं अशी वेलांची गर्दी झाली की वाचक पुस्तकाबरोबर दोडकेही घरी नेऊ लागले. एका गाठोड्यासाठी सहा-सात कप चहा व्हायचा. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, त्याचं कारण माझ्या मते आमचा दप्तरसंग्रह हेच होतं.

आणि मग नोंदवही. नंबर, काय आहे, कोणत्या काळचं, पानं, वजन आणि शेवटचा रकाना, ‘कोणाकडून’. तिथं नाव नसे. त्या घरी मास्तरांपुढं काय आलं ते असे. ‘ताक, मोहरीची फोडणी.’ ‘उकडलेल्या शेंगा.’ ‘चहा, बशीला तडा.’ ‘पाणी, नंतर काही नाही.’ शेलूबाजारच्या मानपत्रांपुढं लिहिलं होतं, ‘सरबत, फार गोड.’ एवढ्यावरून त्यांना घर आठवायचं, गल्ली आठवायची, देणारं माणूस आठवायचं. दुसऱ्या कोणाला काही कळण्याचं कारण नव्हतं.

अध्यक्षांना हे माहीत नव्हतं. वर्धापनदिनाला कागद देणाऱ्यांचा सत्कार करावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मास्तरांकडं यादी मागितली आणि मास्तरांनी इमानदारीत ती दिली. अध्यक्षांनी ती आधी वाचली नाही, थेट माईकसमोर उघडली. “आपले दानशूर दाते,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि “ताक” म्हणून थांबले. मग पुढं काही तरी बरं असेल या आशेनं “शेंगा” म्हणाले. सभागृहात जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तर शेवटच्या रांगेत मांडीवर हात ठेवून गंभीर बसले होते. नारळ सगळे उरले. पुढचा महिनाभर आमच्याकडं खोबऱ्याची चटणी होती.

मी हसले, पण मनातून मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. मी शिकून आले होते. कागद कुठून आला हे कळल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. अमरावतीचे प्राध्यापकही तेच म्हणायचे. “मास्तर, मूळ कळत नाही तोवर असा कागद पोरकाच,” ते म्हणाले. मास्तर म्हणाले, “पोरका तं पोरका. राह्यले जागा भेटली ना त्याले.” प्राध्यापकांनी माझ्याकडं पाहून मान हलवली आणि मीही हलवली. त्या मान हलवण्याची आज मला लाज वाटते.

मग वाचनालयाची सगळी सूची इंटरनेटवर टाकायचं ठरलं. टायपिंग माझ्याकडं आलं. संगणकावरच्या फॉर्ममध्ये ‘कोणाकडून’ हा रकाना होता आणि त्याला लाल चांदणी होती. तो रिकामा सोडला तर पुढची ओळ उघडत नसे. मी मास्तरांना विचारलं.

“‘एक घर’ असं लिवा,” ते म्हणाले.

“सगळीकडं?”

“सगळीकडं. एक घरच असते ना ते.”

मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. जी नोंद जशी आहे तशी उतरवायची, स्वतःचं काही घालायचं नाही, हेही मी शिकून आले होते. शिवाय, खोटं कशाला बोलू, तो रकाना मला आवडायचा. जगात कुठल्या सूचीत दात्याच्या जागी ‘ताक, मोहरीची फोडणी’ असेल? लोकांनी ते पाहावं असं मला वाटत होतं. मी सगळं जसंच्या तसं टाईप केलं. मास्तर संगणकाच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत, त्यामुळे त्यांना कळलं नाही.

यातलं एक गाठोडं होतं त्रेसष्ट नंबरचं. मेडशीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातलं. मेडशीच्या अलीकडं की पलीकडं, ते मी सांगणार नाही. ओवाही खरं म्हणजे ओवा नव्हता, दुसरंच काही होतं; घर ओळखू येऊ नये म्हणून मी नाव बदललंय. मास्तरांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा. तर त्रेसष्ट नंबरमध्ये एक जुना करार होता. शिवारातली पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, सर्वांना कायम मोकळी राहील, असं गावातल्या सात जणांनी मिळून लिहून दिलेलं. खाली सात अंगठे. ती पांदण पुढं एका मोठ्या घरानं नांगरून आपल्या वावरात घेतली होती आणि पलीकडच्या लोकांना सोयाबीन डोक्यावर वाहून सडकेपर्यंत आणावं लागत होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपलं गावाच्या नावासकट टाईप केलं: ‘पांदण मोकळी ठेवण्याबाबत करार. अंगठे सात.’ आणि शेवटच्या रकान्यात: ‘चहा, ओवा टाकून. ज्वारीच्या लाह्या.’

त्या गावचा एक शेतकरी मोबाइलवर आपल्या गावाचं नाव टाकून पाहत होता, त्याला ही ओळ दिसली. तो दुसऱ्या दिवशी खिडकीवर हजर. मास्तरांनी नाव न विचारता कागद दाखवला, नक्कल दिली, शिक्का मारला. गावकरी ती नक्कल घेऊन तहसीलमध्ये गेले. मोठ्या घरानं कागद खोटा असल्याचं सांगितलं. पण कागदात खुणेचे दगड लिहिले होते, दगड जागेवर निघाले, जुना नकाशाही जुळला. पांदण मोकळी झाली. ज्या दिवशी तिथून पहिला ट्रॅक्टर गेला त्या दिवशी गावकऱ्यांनी आम्हाला पेढे आणून दिले. मास्तरांनी पेढा खाल्ला नाही, साखर बंद होती. पण त्या दिवशी शिक्के जरा जास्तच जोरात पडत होते. मला वाटलं, बघा, माझ्या सूचीनं काय केलं.

दहाएक दिवसांनी मोठ्या घरचा कर्ता माणूस आला. चाळिशीचा, पांढरा सदरा, आवाज हळू. चपला बाहेर काढून आत आला आणि बाकावर बसला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. हरलेला माणूस होता आणि कोणामुळे हरलो हे त्याला हवं होतं.

“राम राम मास्तर,” तो म्हणाला आणि जाळीतून मोबाइल आत सरकवला. “हे वाचा.”

“चष्मा नाई माह्याजवळ,” मास्तर म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग त्यानं मोबाइल माझ्याकडं दिला आणि मी माझ्याच हातानं टाईप केलेली ओळ माझ्याच तोंडानं वाचली. चहा, ओवा टाकून. ज्वारीच्या लाह्या.

“आमच्या गावात असा चहा कोनी करत नाई,” तो म्हणाला. “फक्त माही काकू करते. लानपनापासून पेत आलो मी.”

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्या पाहण्यात राग नव्हता, हे मला अजून बोचतं.

“जुन्या पेटीतले कागद मी काकूले देल्ले होते, बंबात टाकाले,” तो पुढं म्हणाला. “तिनं टाकले नाई असं दिसते. काका गेले तवापासून मागची खोली देल्ली तिले आमी. दोन टाइमचं पुरवतो. ना लेकरू, ना भाऊ. अन् तिनं जर घरातला कागद बाहेर देल्ला असन, तं तिनं आता आपली सोय दुसरीकडं पाहावं. मले फक्त तुमच्या तोंडून ऐकाचं आहे.”

त्या दिवशीचा चष्मा सोडला तर मास्तर खोटं बोलत नसत. सांगायचं नसलं तर गप्प बसत. पण इथं गप्प बसणं म्हणजेच सांगणं होतं. ती म्हातारी मी कधी पाहिलीही नव्हती आणि तिची खोली माझ्यामुळे चालली होती.

“ओवा मीच मांगतो,” मास्तर म्हणाले. “पोट खराब राह्यते माह्यं. जथी जातो तथी ओवा मांगतो.”

“मंग बाकी ठिकानी काहून नाई लिवलं?”

“ज्या घरात ओवा निंघाला तथी टाकून पेलो. नाई निंघाला तथी तसाच.”

“पन कागद तं आमच्याच घरचा आहे.”

“असन. त्याच्यावर सात अंगठे आहेत, सात घरं झाले.” मास्तर जाळीजवळ सरकले. “तुमच्या घरचा म्हनता, तं तसं लिहून द्या ना. तहसीलीत तं तुमी खोटा म्हनून राह्यले त्याले. तुमच्या पेटीतला आहे म्हटलं म्हनजे खरा झाला.”

त्यानं माझ्या हातातला मोबाइल घेऊन खिशात ठेवला. मग म्हणाला, “चहा मांगवा मास्तर. मीबी पेतो तुमच्यासंग. ओव्याचा.”

समोरचे टपरीवाले चाचा दहा वर्षं मास्तरांना चहा पाठवत होते. फिका, साधा. दुसरा चहा मास्तरांनी त्यांच्याकडून कधी घेतल्याचं मला आठवत नाही. मास्तर खिडकीतून ओरडले, “चाचा, तीन चाय. ओवा टाकून, नेहमीसारखा.”

चाचांनी किटली खाली ठेवली. एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा बाकावरच्या माणसाकडं. “जी मास्तरजी,” ते म्हणाले. “अजवाइन सुबहीच खतम हो गई. दो मिनट रुको, दुकान से लाता हूँ.”

नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय कळलं होतं? म्हणाले, “मेरे को क्या मालूम, बेटी. मास्तरजी बोले नेहमीसारखा, तो नेहमीसारखा.”

चहा आला. त्या माणसानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मास्तर त्याच्याकडं पाहत, एकेक घोट घेत, सगळा प्याले. कपात तळाशी राहिलेला ओवाही बोटानं काढून खाल्ला. तो माणूस उठला, राम राम केला आणि गेला. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

मास्तर मागच्या बाजूला वेलांपाशी जाऊन चूळ भरून आले. मग म्हणाले, “म्याडम.” रागात असले की मी म्याडम व्हायचे.

“मी ती ओळ काढून टाकते,” मी म्हटलं. मला रडू येत होतं.

“काढू नका. काढली का तेच खरं ठरते. अन् नोंद बदलवाची नसते. तुमी बरोबर उतरवली, म्या लिवली तशीच.” ते खुर्चीत बसले. “मलेच वाटलं का खाल्ल्यापेल्ल्यावरून घर नाई समजत. बाईच्या हातावरून तं सगळ्यात आधी समजते. इतके वर्षं घरोघरी चहा पेऊन हे नाई समजलं मले.”

“आता?”

“तो मानूस विचारत हिंडन. गावात विचारन, टपऱ्याहीवर विचारन. म्या खोटं बोललो ना? आता ते खरं करा लागन.”

दुसऱ्या दिवशी खिशात पितळेची डबी आली. मास्तर पहिल्या एसटीनं त्या गावी गेले आणि त्या गल्लीत, मोठं घर सोडून, प्रत्येक घरी बी मागितलं आणि चहात ओवा मागितला. मग मेडशीच्या स्टँडवर, शेलूबाजारच्या हॉटेलात, अनसिंगच्या बाजारात. तो माणूस खरंच विचारत हिंडला. महिनाभरात त्याला दहा ठिकाणी एकच उत्तर मिळालं, “हाव, तो म्हातारा ओवा टाकूनच पेते.” काकूची खोली राहिली. विचारणं थांबलं, पण मास्तर थांबले नाहीत. मी म्हणायची, आता पुरे करा. ते म्हणायचे, “बंद केलं तं कोनी तरी विचारनच, काहून बंद केलं.” त्यानंतर आठ वर्षं, कोणी पाहत असो वा नसो, त्यांनी बिनओव्याचा चहा घेतला नाही. मी मात्र पुढच्या प्रत्येक ओळीत ‘एक घर’ लिहू लागले.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांच्या मुलानं छत्री, पिशवी, वजनकाटा आणि डबी आणून दिली. छत्री मोडकी होती. बाकीचं मी ठेवून घेतलं. एकचा ठोका पडला की आता मी फळी पाडते.

दिवाळीनंतर त्या गल्लीतून एक निरोप आला. दुसऱ्याच एका घरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. मी पिशवी घेऊन गेले. रीतीप्रमाणे सगळ्या घरी बी मागितलं, चहा घेतला, गठ्ठा पिशवीत आला. मोठं घर शेवटी होतं. मास्तरांनी तेव्हा ते सोडलं होतं; मीही सोडलं असतं तर गल्लीनं तेवढंच लक्षात ठेवलं असतं. आणि मला काकूला पाहायचंही होतं. मागच्या दारानं गेले.

लहानशी, वाकलेली बाई. चूल सारवत होती. मी वाचनालयाची म्हटल्यावर तिनं हात धुतले आणि चहा ठेवला. साधा.

“मास्तर गेले म्हनते,” ती हळू म्हणाली.

“हाव काकू.”

“चांगला मानूस. पन माह्या हातचा चहा नाई आवडला त्याहीले. तवा अर्धा कप तसाच ठेवून गेले होते. ओवा नोता आवडत.” मग दाराकडं पाहून आणखी हळू म्हणाली, “सात मानसाहीचे अंगठे होते वो त्याच्यावर. मानसाहीचे अंगठे बंबात कसे टाकू?”

“तुमी नाई टाकत आता ओवा?”

“सोडला. पुतन्यानं एक दिवस विचारलं, तवापासून सोडला. म्हटलं, सरला.”

मी पिशवीतून डबी काढली आणि तिला सांगितलं की मास्तर आठ वर्षं, जिथं जातील तिथं, ओवा टाकूनच चहा पीत होते. कशासाठी ते सांगावं लागलं नाही. तिनं डबी हातात घेतली, उघडली, वास घेतला. पदर तोंडाला लावला. मग उठली, उकळत्या चहात चिमूटभर ओवा टाकला आणि उघडी डबी माझ्याकडं परत दिली.

खोलीभर वास पसरला. पुढच्या दारातून पावलं वाजली आणि पुतण्या दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते, आवाज तेवढाच हळू. त्यानं मला ओळखलं. चुलीवरच्या पातेल्याकडं पाहिलं.

“ओवा टाकला काकू?”

काकूचा हात थांबला. माझ्या मांडीवर उघडी डबी होती.

“मी मांगतला,” मी म्हटलं. “पोट खराब राह्यते माह्यं. वालाचं बी नेयाले आली होती.”

तो उंबऱ्यात उभाच होता. काकूनं कप भरला आणि माझ्यापुढं ठेवला. भयंकर चहा होता तो, मास्तरांचं काही चुकत नव्हतं. मी त्या माणसाकडं पाहत, एकेक घोट घेत, सगळा प्याले, आणि तोंड वाकडं होऊ दिलं नाही.